चिमूटभर माती

“मिशी लावा, दाजी,” हिंदुराव म्हणाला. “बाकी काय नको. आमी हरलो तर माझी, तुमी हरलासा तर तुमची.”

रविवारचं मटण होतं. त्याच्या एका हातात नळी होती आणि दुसऱ्या हातानं तो मिशीला लागलेला तांबडा रस्सा पुसत होता. हिंदुराव खराडे म्हणजे माझा मेव्हणा, आमच्या शालनचा पाठचा भाऊ. माणूस सोन्यासारखा. खोट एकच, बारागल्ली तालमीचा. आणि मी वसंत जरग, आईच्या पोटातनं बाहेर आलो तो विहिरीकडील तालमीचा म्हणूनच आलो.

कोल्हापुरात ज्यांनी हयात काढली त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं, की आमच्याकडे तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा हौद नव्हे. तालमीला गणपती असतो, नगरसेवक असतो, आणि सगळ्यात मोठं म्हणजे फुटबॉलची टीम असते. माणूस पक्ष बदलेल, धंदा बदलेल, पण तालीम बदलणारा मी अजून बघितला नाही.

“मिशी म्हणजे पोरखेळ न्हाई, पाव्हणं,” मी म्हणालो. “इचार कर. तुझी तर आत्ता कुठं जरा बघण्यासारखी झाल्या.”

“तुमचीच जड झाल्या, ती उतरवाय आलोय.”

माझ्या मिशीबद्दल सांगायलाच पाहिजे. दोन्ही टोकं वर, मेण लावून पीळ दिलेली. उद्यमनगरच्या कारखान्यात लेथवर होतो तेव्हा शेठसुद्धा मिशीकडं बघून बोलायचा, माझ्याकडं नाही. स्टेडियमवर माझी जागा कुठली हे विचारावं लागत नसे. मिशी दिसली की लोक म्हणायचे, तात्या आलाय, आता मॅच सुरू करा.

शालन भाकरी घेऊन आली ती दारातच थांबली. “मिश्या लावतायसा? दोघांची मिळून अक्कल किती हाय ती लावा आधी. हातात चिल्लरबी यायची न्हाई.”

“तू कुणाकडनं हाईस तेवढं सांग, आक्का,” हिंदुराव म्हणाला.

“माझा नवरा तिकडं, माहेर हिकडं. मी देवळात जाऊन बसणार हाय.” तिनं भाकरी माझ्या ताटात जरा जोरातच टाकली. आमच्या घरात रेफरी ती. शिट्टी वाजवत नाही, सरळ कार्ड दाखवते.

त्या वर्षी चषकाच्या फायनलला आमच्याच दोन तालमी समोरासमोर आल्या होत्या. पैज ठरली. फायनलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन्ही पेठांच्या शिवेवर झेंडे नानांचं सलून आहे तिथं, चारचौघांच्या देखत. जिंकणाऱ्यानं नारळ आणायचा आणि हरणाऱ्याची मिशी उतरली की दारात फोडायचा. ही पद्धत जुनी आहे, आम्ही काढलेली नाही.

“आमच्या तालमीचं पन्नासावं वरीस हाय,” जाताना हिंदुराव चपला घालत म्हणाला. “लई सालं झाली चषक दारात येऊन. यंदा आला पायजे, दाजी. पन त्यो तुमचा उदय हाय नव्हं. पेनल्टी मिळाली तुमाला की आमी मेलोच.”

ते मात्र खरं होतं. उदय माने. त्याचा बाप लवकर गेला. लहानपणापासून मीच त्याला सायकलच्या दांडीवर बसवून मॅचला न्यायचो. पुढं तो आमचा सेंटर फॉरवर्ड झाला आणि त्यानं मारलेली पेनल्टी कधी चुकली असं झालं नाही. आमच्या तालमीत एक रीत होती. मॅचला निघताना हौदातली चिमूटभर लाल माती रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून घ्यायची आणि ती पुरचुंडी मोज्यात खोचायची. पेनल्टी मारायची वेळ आली की मारणाऱ्यानं खाली वाकायचं, गाठ सोडायची, माती कपाळाला लावायची आणि मग चेंडूकडं बघायचं. हा म्हणजे तालमीला दिलेला शब्द. जुनी माणसं सांगायची, माती लावून खोटं बोलला त्याला हौदात जागा नाही. उदय वाकला की अख्खं स्टेडियम गप्प व्हायचं.

त्या वर्षी महापालिकेची निवडणूकही होती. वॉर्डांची नवी रचना झाली आणि आमची विहिरीकडील आणि त्यांची बारागल्ली एकाच वॉर्डात कोंबली. म्हणजे एका जाळीत दोन गोलकीपर. आमच्या तालमीचा अध्यक्ष रणधीर उभा राहिला, तिकडनं त्यांचा बापू. दोघांची पोस्टरं समोरासमोर, दोघंही हात जोडून. मी म्हणायचो, हात आत्ताच बघून घ्या, निवडून आल्यावर खिशात जातात.

असलं बोलायची मला खोड होती आणि लोकांना ते ऐकायची. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसलो की पोरं भोवती गोळा व्हायची. “तात्या, कालच्या पेपरात वाचलं का, त्यो आमदार परत जुन्या पक्षात गेला?” मी म्हणायचो, “लेका, राजकारणात ऑफसाइड नसतंय. कुटंबी हुबं ऱ्हा, लाइनमनचा झेंडा वर जात न्हाई.” झालं, पोरं खिदळायची. गटार तुंबलं, पाणी आलं नाही, पोराचं लग्न जमत नाही, कशावरही माझ्याकडं एक वाक्य तयार असे. पेठेत फिरून ते वाक्य रात्रीपर्यंत माझ्याकडं परत यायचं, तेव्हा मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटायचं.

फायनलच्या आधी अशाच एका संध्याकाळी रणधीर कट्ट्यावर आला. पांढरा शर्ट, मागं चार पोरं, हातात दोन मोबाइल. माझ्या पाया पडला.

“तात्या, एक कोडं हाय. तुमीच सोडवाय पायजे.”

“इलेक्शनला हुबं ऱ्हायलास ते कमी कोडं हाय व्हय?”

पोरं हसली. रणधीरही हसला. मग म्हणाला, “सांगा, चषक मोठा का वॉर्ड मोठा?”

मी मिशीला पीळ दिला. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. आता तात्या काय तरी टाकणार, अशी तोंडं. उदयही होता तिथं, मागं भिंतीला टेकून.

“चषक कपाटात बसून धूळ खातोय,” मी म्हणालो, “आणि नगरसेवक खुर्चीत बसून सगळंच खातोय. आता तूच बघ मोठं काय ते.”

असा हशा झाला म्हणता! रणधीरनं तर टाळीसाठी हात पुढं केला. “म्हंजे वॉर्ड मोठा म्हणा की!”

“वॉर्ड मोठा, बाबा, वॉर्ड मोठा!” मी टाळी दिली. एवढंच. चहा आला, चहा प्यालो, घरी गेलो.

फायनलच्या दिवशी स्टेडियम असं भरलं होतं की मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. आमची गॅलरी इकडं, बारागल्लीची बरोबर समोर. लांबनं हिंदुराव दिसत होता. त्यानं मुद्दाम मिशीला हात लावून मला दाखवला. मीही दाखवला.

पहिल्या हाफमध्ये काही झालं नाही. दुसऱ्या हाफमध्ये त्यांच्या एका पोरानं कॉर्नरवर डोक्यानं गोल केला. चांगला गोल होता, नाव ठेवायला जागा नव्हती. समोरची गॅलरी उसळली. आमची पोरं पेटली, पण चेंडू काही आत जाईना. उदय नेहमीचा नव्हता. पायात असून चेंडू त्याच्या पायात नसल्यासारखा. मी ओरडून ओरडून घसा बसवला. शेवटी मॅच संपत आली आणि त्यांच्या बॅकनं गोलसमोरच्या डीमध्ये आमच्या पोराला आडवा पाडला. शिट्टी वाजली. पेनल्टी.

मी बाकावर उभा राहिलो. शेजारचा म्हणाला, “तात्या, वाचली मिशी.”

उदयनं चेंडू ठेवला. दोन पावलं मागं आला. आणि मग त्यानं मान वळवून आमच्या गॅलरीकडं बघितलं. माझ्याकडंच. एवढ्या गर्दीत तो मलाच शोधत होता हे मला कळलं. मी दोन्ही हात वर केले आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, “हाण, लेका! हाण!”

त्यानं मान हलवली. पळत आला आणि चेंडू आडव्या खांबावरनं एवढा वर मारला की तो मागच्या रस्त्यावर गेला.

पुढचं आठवत नाही. गुलाल, हलगी, त्यांची पोरं मैदानात. मी बाकावर बसून होतो. हरल्याचं दुःख होतंच, मिशीचंही होतं, ते नाही म्हणत नाही. पण हरणं मला नवीन नव्हतं. आयुष्यभर टीमच्या मागं फिरलेला माणूस हरायला शिकतोच, नाहीतर त्यानं क्रिकेट बघावं. मला वेगळंच काहीतरी खात होतं. पेनल्टी चुकली ते चुकली, पण तिच्या आधीच काहीतरी चुकलं होतं. काय ते ध्यानात येईना. चालत चालत पेठेच्या कमानीपर्यंत आलो आणि तिथं पाय थांबले.

उदय वाकला नव्हता.

मी घरी गेलो नाही, तडक तालमीत गेलो. दिवेलागणीची वेळ. बाहेर कट्ट्यावर पोरं माना खाली घालून बसलेली, आणि रणधीर मात्र सगळ्यांना चहा वाटत होता. “हार-जीत चालायचीच, तात्या. घ्या, चहा घ्या. पुढच्या वर्षी बघू.” हरलेल्या तालमीचा अध्यक्ष एवढा खुशीत मी पहिल्यांदाच बघितला. त्याचा चहा मी घेतला नाही.

आत हौदाच्या काठावर उदय एकटाच बसला होता. बूट काढलेले, मोजे काढलेले. हातात रुमाल. रुमालाची गाठ तशीच होती.

मी शेजारी बसलो. “माती का लावली न्हाईस?”

त्यानं रुमालावर मूठ आवळली.

“उदय, मी काय इचारतोय?”

“माती लावून मुद्दाम चुकवायची कशी, तात्या?” तो एकदम म्हणाला. “तेवढं मला जमलं न्हाई.”

खरं सांगतो, माझा हात उठला होता. त्याच्या कानाखाली बसलाच असता. लहानपणी मी त्याला कधी बोट लावलं नव्हतं, पण तेव्हा बसला असता. “कुणी सांगितलं तुला चुकवाय? किती घेटलंस?”

“काय न्हाई घेटलं. रणधीरदादानं सांगितलं. बारागल्लीला त्यांच्या पन्नासाव्या सालात चषक पायजे. चषक त्यांला द्यायचा, मग बापू उद्या अर्ज मागं घेनार. दादा बिनविरोध.” तो रुमालाची गाठ चिमटीत चोळत होता. “माझ्या नोकरीचंबी बगतो म्हणाला. पन मी न्हाई म्हणालतो, तात्या. शपथ घेऊन सांगतो. मी म्हणालो, मी तात्यांला तोंड कसं दाखवू?”

“मग?”

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यात राग नव्हता, तोच असता तर बरं झालं असतं. “मग दादा म्हणाला, तात्यांला काय घाबरतोस, त्यांनीच तर सांगितलंय, तुझ्या म्होरं. वॉर्ड मोठा.”

मी हौदातल्या मातीकडं बघत राहिलो.

“तुमीच म्हणालता नव्हं, तात्या? मी हुतो तितं. सगळी हसली, पन मी म्हटलं, तात्या उगंच बोलायचे न्हाईत. त्येंचं काय तरी ठरलं असंल. आपल्या पेठेत पाणी येईल, रस्ता हुईल.” त्यानं रुमाल मांडीवर ठेवला. “तरीबी माझं मन हुईना. म्हणून मारायच्या आधी तुमच्याकडं बगितलं. म्हटलं, तात्यांनी नुसतं बोट हलवून न्हाई म्हटलं तरी आत घालायची. तुमी दोनी हात वर करून म्हणालासा, हाण.”

आता मी काय सांगणार होतो त्याला? मी थट्टा करत होतो, असं? अरे, ते नुसतं टाळीसाठी होतं, असं? जे पोरगं माझ्या सायकलच्या दांडीवर बसून मोठं झालं, त्यानं माझं बोलणं खरं धरलं, एवढाच त्याचा गुन्हा. बाकी सगळ्या पेठेनं ते हसण्यावारी नेलं होतं. त्याला सांगायला तोंड उघडलं आणि निघालं काय, तर “घरी जा. आई वाट बघत असंल.”

तो उठला. जाताना माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतले. त्याला वाटलं मी रागावलोय. ते पण मी तसंच राहू दिलं.

सकाळी शालननं पाणी तापवून दिलं आणि म्हणाली, “जावा, उतरवून या. तोंड पाडून काय बसलाय? मिशीच हाय, नाक न्हाई.” माझं नाकच गेलंय हे तिला कुठं ठाऊक.

झेंडे नानांच्या सलूनपुढं निम्मी बारागल्ली जमली होती. हलगी वाजत होती. पोरांच्या केसात कालचा गुलाल तसाच. मी आलो तशी आरोळी उठली. “वाट सोडा रे, मिशी आली!” मी खाली मान घालून आत गेलो आणि खुर्चीत बसलो. हिंदुराव आतच होता. हातात नारळ, पण चेहऱ्यावर जिंकल्याची काहीच कळा नाही. मी म्हटलं, मला बघून अवघडला असेल.

नानांनी साबण फेसाळला. वस्तरा चामड्यावर दोनदा ओढला आणि माझ्या नाकाखाली आणला.

“थांबा, नाना,” हिंदुराव म्हणाला.

तो माझ्या कानाशी वाकला. हलगीच्या आवाजात मला एकट्यालाच ऐकू यावं असा बोलला. “दाजी, उठा. मी पैज सोडली.”

“का?”

“तुमच्या पोरानं माती लावली न्हाई. आमच्या गॅलरीतनं सोमोर दिसतंय सगळं. काल नाचताना ध्यानात आलं न्हाई. घरी गेलो, जेवाय बसलो आणि घास तोंडातच ऱ्हायला. सकाळी कळलं, आमचा बापू अर्ज मागं घ्याय चाललाय.” त्यानं नारळ ह्या हातातनं त्या हातात घेतला. “पन्नासाव्या सालात आमाला चषक मिळाला न्हाई, दाजी. आमच्या पदरात भीक घाटली. आमचीच मानसं भीक घ्याय गेली. आता आमी कुठल्या तोंडानं तुमच्या मिशीला हात लावू? उठा. बाहेर मी सांगतो काय सांगायचं ते.”

समोरच्या आरशात आम्ही दोघं होतो. माझ्या तोंडावर पांढरा फेस, आणि खांद्यावर त्याचा हात. त्याला वाटत होतं, माझ्यावर अन्याय झाला. स्वतःच्या तालमीची लाज तो माझ्यापुढं मांडत होता आणि माझी मिशी मला परत देत होता. मी नुसता उठलो असतो तरी चाललं असतं. त्याला कधीच कळलं नसतं. उलट दोन्ही पेठांत माझीच कीव झाली असती. त्या क्षणी मला उठावंसं वाटलं, हे लपवत नाही. हात खुर्चीच्या दांड्यावर टेकलेसुद्धा.

“हिंदुराव,” मी म्हणालो, “त्येनं माती लावली न्हाई. कारण माती मी खाल्ल्या.”

“म्हंजे?”

मग मी त्याला सांगितलं. कट्टा, रणधीरचं कोडं, माझं वाक्य, टाळी. उदयनं गॅलरीकडं का बघितलं ते. सांगताना फेस ओठांवर येत होता आणि मी तो पुसतही नव्हतो. नाना वस्तरा धरून तसेच उभे. बाहेरची पोरं काचेला नाक लावून हसत होती. त्यांना वाटत होतं, म्हातारा गयावया करतोय.

हिंदुरावनं माझ्या खांद्यावरचा हात काढला. आरशातनंच माझ्याकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत माझ्या एका वाक्यावर तो हसला नाही असं झालं नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्याच्यापुढं काहीतरी बोललो होतो आणि त्याचं तोंड तसंच होतं.

मला वाटलं, आता हा चार शिव्या हासडेल. निदान सगळ्यांना ओरडून सांगेल. तेही मला चाललं असतं, खरं तर तेच पाहिजे होतं.

तो दाराशी गेला. “हलगी बंद कर रं,” तो म्हणाला. “चला, घरला जावा. बघण्यासारखं काय न्हाई हितं.”

“काका, पैज हाय की!”

“जावा म्हटलं न्हवं!”

पोरं कुरकुरत पांगली. हिंदुरावनं शटर अर्धं खाली ओढलं. नारळ फोडला नाही, नानांच्या फळीवर पावडरच्या डब्याशेजारी ठेवला. मग माझ्याकडं पाठ करून रस्त्याकडं बघत उभा राहिला. “नाना, घ्या उरकून.”

वस्तऱ्याला वेळ लागला नाही. उघड्या ओठाला वारा लागला तो एवढा गार लागला की मी हात लावून बघितला.

घरी जाताना हिंदुराव माझ्यासोबत आला. दारात शालननं मला बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. “अगं बाई, हा कोन धरून आणलास रं? माझा नवरा कुटं हाय?” हिंदुराव हसला नाही, तेव्हा ती गप्प झाली. तो जेवायला थांबला नाही. त्यानं शालनलाही काही सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

चार दिवसांनी रणधीरची मिरवणूक निघाली. बिनविरोध. उघड्या जीपमधनं आमच्या दारात आला, मला ओढून खाली नेलं, गुलाल फासला आणि माईक तोंडाशी धरला. “आमच्या तात्यांनी आमाला रस्ता दाखवला! तात्या म्हणाले, चषक कपाटात धूळ खातोय, वॉर्ड मोठा!” अर्धं वाक्य त्यानं गाळलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गुलालात उभा. गर्दीच्या कडेला उदय दिसला, तोही टाळ्या वाजवत होता. माझा शब्द खरा झाला म्हणून.

त्याला नोकरी लागली. त्यानं पुन्हा चेंडूला पाय लावला नाही. आजही रस्त्यात भेटला की मोटारसायकल थांबवून उतरतो. “बरं हाय का, तात्या?” म्हणतो. त्याला खरं सांगायचं असं मी दर वेळी ठरवतो. मग म्हणतो, “बरं हाय, बाबा,” आणि तो जातो. हिंदुरावला सांगितलं ते आरशात बघून सांगितलं. ह्या पोराच्या तोंडाकडं बघून सांगायचं धाडस मला आजपर्यंत झालेलं नाही.

मिशी मी परत ठेवली नाही. शालन बरीच वर्षं म्हणायची, “ठेवा की आता, पैज कधीच फिटली.” हिंदुराव असं कधी म्हणाला नाही. तो यायचा, जेवायचा, मॅचचं बोलायचा. रविवारचं मटण चुकलं नाही. फक्त पैज आम्ही पुन्हा लावली नाही.

आता माझे गुडघे गेलेत, तरी स्टेडियमवर जातो. पोरं विचारतात, “तात्या, यंदा इलेक्शनचं काय म्हणतायसा? एक टाका की!” मी म्हणतो, “मॅच बघ.” त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला आता सुचत नाही. तसं काही नाही. सुचतं. तोंडापर्यंत येतं आणि तिथनंच परत जातं.

परवाच्या मॅचला आमच्या तालमीला पेनल्टी मिळाली. नवीन पोरगं होतं, नावही मला ठाऊक नाही. अख्खी गॅलरी उभी राहिली. हिंदुराव हल्ली आमच्याच गॅलरीत बसतो, त्याला एकट्याला पायऱ्या चढवत नाहीत. त्यानं माझा हात धरला. पोरगं दोन पावलं मागं आलं, थांबलं, मग खाली वाकलं. मोज्यातनं रुमाल काढला, गाठ सोडली आणि माती कपाळाला लावली.

“लावली,” हिंदुराव हळूच म्हणाला.

“लावली,” मी म्हणालो, आणि डोळे मिटले. चेंडू कुठं गेला ते आम्ही दोघांनीही बघितलं नाही.